आधी अंदाज, मग बटण, मग ताळा



या सदरातून आपण नेहमी ऊस, सोयाबीन, जनावरे आणि खते यांच्याबद्दल बोलतो. आज मात्र मी तुमच्या मुलामुलींच्या दप्तरात हात घालणार आहे. सातवी-आठवीच्या गणिताचा घरी सराव कसा करावा, त्यात कॅल्क्युलेटरची मदत कुठे घ्यावी आणि कुठे घेऊ नये, हा आजचा विषय. शेतीखात्याच्या माणसाला हा उद्योग कुणी सांगितला, असे तुम्ही म्हणाल. तो मला एका शेतानेच सांगितला आहे. ती हकीकत आधी ऐका.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणाचे दिवस होते. मुरगूडजवळ वेदगंगेकाठच्या एका गावात मी सोयाबीनवर बोलायला गेलो होतो. पीक पिवळसर दिसत होते, वाढ खुंटली होती. "युरियाची दोन टक्के फवारणी घ्या," असे सांगून मी पुढच्या गावाला गेलो. बैठकीतला एक शेतकरी दुसऱ्या दिवशी सकाळी पंप घेऊन बांधावर उभा राहिला आणि आठवीतल्या मुलीला हाक मारून म्हणाला, "पोरी, पंधरा लिटरच्या पंपाला दोन टक्के म्हंजे किती गं?"

मुलीने मोबाईलवर बटणे दाबली. पंधरा गुणिले दोन, भागिले शंभर. उत्तर आले ०.३. तिने ओरडून सांगितले, "पॉइंट तीन!" शेजारच्या रानात ट्रॅक्टर चालू होता. बापाच्या कानात शिरले ते फक्त 'तीन'. त्याने तीन किलो युरिया पंपात टाकला.

तिसऱ्या पंपाच्या वेळी पोत्यात हात घालताना त्याला शंका आली. तोवर सहा गुंठ्यांवर फवारा पडला होता. दोन दिवसांत तिथली पाने कडेने करपली आणि मग वाळून गळाली.

मला निरोप आला तेव्हा मी गेलो. बाप मुलीवर चिडलेला, मुलगी मोबाईलवर चिडलेली आणि आई दोघांवर. "ह्या मोबाईलपायी पोरांची डोकी गेली," असे शेजारीपाजारी म्हणत होते. मुलगी खाली मान घालून बसली होती. तिने गणिताची वही चार दिवस उघडलेली नाही, असे आई मला बाजूला घेऊन म्हणाली. सहा गुंठ्यांतले पीक गेले ते गेलेच, पण पोरीचा हिशेबावरचा विश्वास गेला, ते मला जास्त लागले.

तेवढ्यात सोप्यातून आज्जी बोलल्या, "सायबा, मी काय शाळंत गेले न्हाई. पर एका पंपाला तीन किलो? म्हशीला एका टायमाला पेंड बी आमी एवढी घालत न्हाई!"

मी म्हणालो, "आज्जी, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"मला इचारलं कुणी?"

मंडळी, त्या घरातले गणित आज्जींना बरोबर येत होते. त्याला अंदाज म्हणतात. आणि खरे सांगायचे तर पहिली चूक माझी होती. मी 'दोन टक्के' म्हणून मोकळा झालो. 'लिटरला वीस ग्रॅम, पंधरा लिटरच्या पंपाला तीनशे ग्रॅम' असे सांगितले असते तर पुढचे काही घडले नसते. मुलीचे उत्तर बरोबर होते. यंत्रही चुकले नव्हते. ०.३ म्हणजे ०.३ किलो, अर्थात तीनशे ग्रॅम. पण किलो की ग्रॅम हे यंत्र सांगत नाही. ते आपल्याला सांगावे लागते.

यंत्राला काय येते, काय येत नाही

कॅल्क्युलेटरला बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार येतो. पण गुणायचे की भागायचे, हे त्याला कळत नाही. उत्तर किलोत आहे की रुपयांत, हेही कळत नाही. आलेले उत्तर शक्य आहे की अशक्य, हे तर मुळीच कळत नाही. आणि शाळेच्या गणितात खरी अक्कल लागते ती याच तीन गोष्टींना. म्हणून मुलाने यंत्र हातात घेतले की गणित बिघडते, ही समजूत जशी चुकीची, तशी यंत्र घेतले की गणित आले, हीही चुकीची.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नेता येत नाही. म्हणून पाढे पाठ हवेतच, भागाकाराची रीत हाताने यायलाच हवी. आपल्या वाडवडिलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी साडेतीनाची औटकीसुद्धा तोंडपाठ असे. बाजारात तागडी खाली ठेवायच्या आत त्यांचा हिशेब तयार असे. ती शाळा आता राहिली नाही, पण घरात कुणी म्हातारे माणूस असेल तर त्यांच्याकडून पावकी आणि निमकी तेवढी मुलांना शिकवून घ्या. अंदाज बांधायला त्यासारखे दुसरे साधन नाही.

मग कॅल्क्युलेटर कशाला? दोन कामांना. पहिले, हाताने सोडवलेल्या गणिताचा ताळा पाहायला. दुसरे, पुस्तकाबाहेरच्या आडमाप आकड्यांना. पुस्तकातली गणिते पुष्कळदा सरळ सुटतील अशी घातलेली असतात. शेतातले आकडे तसे नसतात. ते ३१.६३ असे येतात, आणि तिथे मुलाचा अर्धा तास नुसत्या भागाकारात जातो. तो वेळ यंत्राने वाचवावा आणि मुलाने विचारात घालवावा.

सरावासाठी एका वहीत चार रकाने आखा: दिलेली माहिती, अंदाज, उत्तर आणि ताळा. अंदाज लिहिल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. उत्तरापुढे किलो, रुपये, गुंठे जे असेल ते लिहिल्याशिवाय पुढचे गणित घ्यायचे नाही. रोज दोन-तीन गणिते पुरेत. आता आपल्याच घरातली पाच गणिते पाहू.

पहिले: जमीन

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. एक रान १३२ फूट लांब आणि ९९ फूट रुंद आहे. अंदाज असा: १३२ मध्ये ३३ चार वेळा, ९९ मध्ये तीन वेळा, म्हणून चार त्रिक बारा गुंठे. आता यंत्रावर १३२ गुणिले ९९ करा, १३,०६८ येतात. त्याला १,०८९ ने भागा. बरोबर १२.

आता सातबारा काढा. त्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते. समजा ० हेक्टर ३२ आर आहे. याचे गुंठे किती? एक गुंठा म्हणजे सुमारे १.०११७ आर. गुंठा आरपेक्षा किंचित मोठा, म्हणून गुंठ्यांचा आकडा ३२ पेक्षा किंचित कमी यायला हवा. ३२ भागिले १.०११७ केले की ३१.६३ येतात. मुलाने चुकून गुणले तर ३२.३७ येतील, आणि वहीतला अंदाज त्याला लगेच थांबवील.

दुसरे: खत

सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. आपले रान २० गुंठे, म्हणजे जवळजवळ ०.२ हेक्टर. नत्र लागेल ५० किलो. युरियात नत्र ४६ टक्के. मग युरिया किती?

इथे निम्मी मुले ५० ला ०.४६ ने गुणतात आणि २३ किलो उत्तर काढतात. यंत्र काही तक्रार करीत नाही. पण आधी अंदाज करा. युरियात नत्र निम्म्याहून थोडे कमी आहे. म्हणजे ५० किलो नत्रासाठी युरिया दुपटीहून थोडा जास्त, शंभराच्या वर लागणार. मग २३ कसे येतील? इथे भागायचे आहे. ५० भागिले ०.४६ म्हणजे १०८.७ किलो. ताळा उलट करा: १०८.७ चे ४६ टक्के काढले की ५० परत मिळतात.

आता पोती. युरियाचे पोते २०१८ पासून ४५ किलोचे झाले आहे, पण कित्येकांच्या तोंडात अजून पन्नासच आहे. १०८.७ भागिले ४५ म्हणजे २.४२. दुकानदार पाव-अर्धे पोते देत नाही, म्हणून तीन पोती आणावी लागतील आणि २६ किलोंच्या आसपास युरिया उरेल. पुस्तकातले उत्तर २.४२ आणि व्यवहारातले उत्तर ३, हा फरक मुलांना जरूर समजावून सांगा.

हे नत्र चार हप्त्यांत द्यायचे असते: लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के. प्रत्येक हप्त्याचा युरिया मुलाला काढू द्या. १०.८७ आणि ४३.४८ अशी उत्तरे येतील. चारींची बेरीज १०८.७ झाली, की ताळा जमला. डीएपी वापरत असाल तर त्यातही १८ टक्के नत्र असते. तेवढे वजा करून मग युरिया काढावा. आणि माती परीक्षणाचा कागद हाती असेल तर त्यावरचा आकडा धरावा.

तिसरे: दुधाची फॅट

सकाळी ६ लिटर दूध गेले, फॅट ६.५ लागली. संध्याकाळी ४ लिटर गेले, फॅट ७ लागली. दिवसाची सरासरी फॅट किती? मुले पटकन ६.५ आणि ७ ची बेरीज करून निम्मे करतात आणि ६.७५ सांगतात. पण सकाळचे दूध जास्त आहे, म्हणून सरासरी ६.५ च्या बाजूला झुकायला हवी. हा झाला अंदाज.

आता गंमत पाहा. ६ गुणिले ६.५ अधिक ४ गुणिले ७, अशी बटणे एका दमात दाबा. मोबाईलवर ६७ येतील. दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर ३०१ येतील! दोन्ही यंत्रे चांगली आहेत. मोबाईल शाळेच्या नियमाने चालतो, म्हणजे गुणाकार आधी आणि बेरीज नंतर. साधे यंत्र जसे बटण दाबाल तसे पुढे जाते. ते ३९ मध्ये ४ मिळवते आणि त्या ४३ ला ७ ने गुणते. म्हणून साध्या यंत्रावर पहिला गुणाकार करून 'एम प्लस' दाबावे, दुसरा करून पुन्हा 'एम प्लस' दाबावे आणि शेवटी 'एम आर' दाबून बेरीज पाहावी. ६७ भागिले १० लिटर, म्हणजे सरासरी ६.७. कंसाची आणि क्रियांच्या क्रमाची गोष्ट शाळेत गुरुजी सांगतात ती कशासाठी, हे या एका गणिताने मुलाला कळेल.

चौथे: भांगलण

आठ बायकांना एक रान भांगलायला सहा दिवस लागतात. बारा बायका लावल्या तर? यंत्रावर ६ गुणिले १२ भागिले ८ केले तर ९ दिवस येतात. माणसे वाढली आणि दिवसही वाढले! आईला विचारले तर ती हसेल. हे व्यस्त प्रमाण आहे. आठ सक अठ्ठेचाळीस, भागिले बारा, उत्तर ४ दिवस. याला कॅल्क्युलेटरची गरजही नाही, आणि कुठे गरज नाही हे कळणे हाही सरावाचाच भाग.

पाचवे: व्याज

हे गणित थोरांनीही सोडवावे. कुणी म्हणाले, "दहा हजार घ्या, शेकडा तीन रुपये व्याज." ऐकायला किती हलके वाटते! पण हे तीन रुपये महिन्याचे असतात. दहा हजारांचे महिन्याला ३०० रुपये, वर्षाला ३,६००. म्हणजे दर साल दर शेकडा ३६. पुस्तकात दर सालाचा असतो आणि बाजारात बोलतात तो महिन्याचा, ही मेख मुलांना आताच दाखवून ठेवा.

आणि व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळवत गेले तर? १०,००० ला १.०३ ने बारा वेळा गुणा. हाताने हे करायला संध्याकाळ जाईल, यंत्रावर दोन मिनिटे. अंदाज असा: सरळव्याजाने १३,६०० होतात, तर चक्रवाढीने त्याहून जास्त व्हायला हवेत. उत्तर येते १४,२५७ रुपये ६१ पैसे. म्हणजे ६५७ रुपये ६१ पैसे नुसते व्याजावरच्या व्याजाचे. आठवीतल्या मुलाने हा आकडा स्वतः काढला, तर पुढे आयुष्यात कुठल्या कागदावर सही करताना तो एकदा थांबेल. माझ्या मते या एका थांबण्यासाठीसुद्धा गणित शिकावे.

एक खेळ, आपल्याच मातीतला

सराव कंटाळवाणा होऊ नये म्हणून शेवटी एक खेळ देतो. नाशिकजवळ देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. जन्म १९०५ साली डहाणूचा. हाताशी वही-पेन्सिल एवढेच, पण आकड्यांचा नाद असा, की १९४९ साली त्यांनी शोधलेली ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते.

खेळ सोपा आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. मास्तरांचे जन्मसाल १९०५ घ्या. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, मग ७४४३, मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६ आणि सातव्या वेळी ६१७४. त्यानंतर कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहते. कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतेच. उत्तर तीनच अंकी आले तर पुढे शून्य लावून चार अंक करावेत.

हा खेळ मी मुद्दाम सांगतो. सात वेळांत ६१७४ आले नाही, तर कुठेतरी बटण किंवा अंक चुकला हे नक्की. कुणी न सांगता मुलाला आपली चूक आपणच सापडते. एकाने हाताने करावे, दुसऱ्याने यंत्रावर, आणि पाहावे कोण आधी पोहोचते.

पुन्हा त्या घरात

करपलेल्या सोयाबीनच्या घरी मी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. मुलीला सोप्यात बोलावले आणि म्हणालो, "बाळ, तुझं उत्तर बरोबर होतं. आपण ते आता डोळ्यांनी बघू." खतासाठीच ठेवलेला एक डबा आणि ताणकाटा घेतला. तिने तीनशे ग्रॅम युरिया तोलून डब्यात ओतला आणि वरच्या पातळीला खिळ्याने रेघ मारली. मग बापाला दाखवून म्हणाली, "आबा, एका पंपाला ह्या रेघंपर्यंत." बापाने डबा हातात घेतला, तोलून पाहिला, आणि थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "त्या दिवशी मीच पुन्हा इचाराय पायजे हुतं."

माझ्या दृष्टीने त्या दिवशीचे गणित तिथे सुटले. आता त्या घरात दुधाच्या बिलाचा ताळा तीच पाहते. पंपात काही घालण्याआधी उत्तर एकदा आज्जींना सांगायचे, अशी रीतही पडली आहे. आज्जींना टक्केवारी येत नाही, पण न पटणारा आकडा त्यांना लगेच कळतो.

तेव्हा मंडळी, मुलाच्या हातातला मोबाईल हिसकावून घेऊ नका आणि नुसता देऊनही मोकळे होऊ नका. रात्री जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे जवळ बसा. तुम्हाला गणित आले नाही तरी चालेल. "किती येईल असं तुला वाटतं?" एवढे आधी विचारा, आणि उत्तर आल्यावर "किलो का ग्रॅम?" एवढे नंतर विचारा. हे दोन प्रश्न विचारायला शाळेत गेलेले असावे लागत नाही.

आणि आम्हा सल्ला देणाऱ्यांनाही एक विनंती आहे, ती मी आधी स्वतःला करतो. शेतकऱ्याला टक्के सांगून निघून येऊ नये. पंपाला किती ते सांगावे आणि त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्यावे.

बराय, पुढच्या अंकात भेटू.